शाळेच्या ग्रंथालयाचं 'लर्निंग कॉमन्स' करायचंय, पण आम्ही ग्रंथपालांनी शिकायचं कुठे?

निळी_शाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये ग्रंथपाल आहे. पट हजाराच्या वर, त्यामुळे पद पूर्णवेळ. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचनं यंदा शाळेला मोठी देणगी द्यायचं ठरवलंय, आणि ती ग्रंथालयासाठीच वापरायची हे संस्थेनंही मान्य केलंय. बॅचमधल्या एकाची मुलं परदेशात शिकतात. तिथल्या शाळेचं ग्रंथालय बघून आल्यापासून त्यांच्या मनात 'लर्निंग कॉमन्स' आहे. पुस्तकं कुलपात आणि मुलं बाकावर, असं नाही. एकच मोकळी जागा असते. अख्खा वर्ग तिथे येऊन शोध घेतो, गटात काम करतो, काही बनवतो, कुणी कोपऱ्यात वाचत बसतो. आणि ग्रंथपाल विषयशिक्षकाच्या जोडीनं तास घेतो.

कल्पना मला मनापासून आवडली. पण पहिल्या बैठकीत टेबलं, रंग आणि स्मार्ट बोर्ड एवढ्याचंच कोटेशन समोर आलं. मी म्हटलं, देणगीतला एक वाटा आमच्या शिकण्यासाठी राखून ठेवा. बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, मी वर्गीकरण शिकले, तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणं) शिकले, संदर्भसेवा शिकले. वर्गभर मुलांना प्रश्न पडावेत म्हणून काय करायचं, त्यांना सापडलेली माहिती खरी की खोटी हे त्यांचं त्यांना कसं ठरवू द्यायचं, हे अभ्यासक्रमात नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मग हे शिक्षण कुठे मिळतं त्याची यादी द्या."

ती यादी करायला बसलेय. कुणी असं काही शिकलंय का? कोल्हापूर-सांगली पट्ट्यात कुणी करतंय का?

गंगावेस_कट्टा

पैल्यांदा अभिनंदन! शाळेला देणगी आली की गेटवर कमान उभी राहते, ग्रंथालयाला मिळाली हेच भारी.

एक शंका. गटात काम म्हणजे पोरं बोलणार. कोल्हापुरात एखादा हळू आवाजात बोलला तर घरचे विचारतात, बरं न्हाई काय रे? शेजारच्या वर्गाचं काय?

सातवीची_आई

शंका मलाही आहे, पण वेगळी. आमच्या मुलाच्या शाळेत ग्रंथालयाचा तास आठवड्याला एक, तोही गणिताचा पोर्शन राहिला की गणिताला जातो. हे नवीन सुरू केलं तर अभ्यासाचे तास कमी होणार का? विरोध नाही माझा, मला खरंच समजून घ्यायचंय.

कार्ड_कॅटलॉग

@निळी_शाई, मी महाविद्यालयीन ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो. तुमच्या यादीत पहिली ओळ मी सुचवतो: कुलूप काढायला शिकणं.

शालेय ग्रंथपालाच्या मनात सगळ्यात मोठी भीती असते ती पुस्तक हरवण्याची. दाखलनोंद रजिस्टर आपल्या सहीनं, चार्ज आपल्याकडे, ऑडिटला उत्तर आपल्यालाच द्यायचं. म्हणून कपाट बंद, किल्ली कमरेला, आणि मुलाला काचेतून कणा दिसेल तेवढंच पुस्तक. मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकानं स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक निवडणं, आपण सगळे परीक्षेत लिहून आलो. शाळेत ती राबवणारे मला फार थोडे भेटले.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, मग लंडनला जाऊन शिकले आणि तिथली ग्रंथालयं फिरून बघितली. परत येऊन त्यांनी वाचकांना थेट मांडणीपर्यंत सोडलं. १९३१ च्या त्यांच्या पंचसूत्रीतलं पहिलं सूत्र 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हेच आहे. आपण १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, त्यांच्या फोटोला हार घालतो आणि १३ तारखेला कपाटाला कुलूप घालतो. हे मला आयुष्यभर खुपलं.

आता उपयोगाची गोष्ट. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मध्ये २१५ वा नियम ग्रंथालयांबद्दल आहे. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वापरलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं कमी भरली, आणि त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल, तर ते नुकसान वाजवी धरतात. हजार रुपयांवरच्या किंवा दुर्मीळ पुस्तकाची मात्र चौकशी होतेच. हा नियम खासगी अनुदानित शाळेला आपोआप लागू होत नाही. पण त्याच धर्तीचा ठराव शाळा समितीकडून करून घेता येतो. तो ठराव आणि निर्लेखनाचा (हरवलेली-फाटलेली पुस्तकं नोंदीतून कमी करण्याचा) प्रस्ताव कसा लिहायचा, हे कोणत्याही प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवायला हवं. हात बांधलेल्या माणसाला गोल टेबल देऊन काय होणार?

अर्धवेळ

कार्ड_कॅटलॉग सर, शब्द न् शब्द पटला.

मी एका शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे. माझे निम्मे तास बदली तासाला जातात, उरलेल्यात शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि पाठ्यपुस्तकांचं वाटप. ग्रंथपालांची म्हणून जी प्रशिक्षणं बघितली ती एक दिवसाची. सकाळी उद्घाटन, दुपारी जेवण, मधे एक सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक, संध्याकाळी प्रमाणपत्र. बारकोड कसा चिकटवायचा ते समजलं. पुस्तक मुलाच्या हातात गेल्यावर पुढे काय, यावर कुणी बोललं नाही.

तेव्हा यादी करताना एक लिहाच: प्रशिक्षणाला जाऊन आल्यावर शाळेत ते करायला वेळ मिळणार का? वेळापत्रकात तास नसेल तर शिकलेलं सगळं वहीत राहतं.

मास्तर_राधानगरी

धागा वाचतोय. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ग्रंथपालच नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं असं आहे: वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची आणि गोष्टींची पुस्तकं. ग्रंथपालाचा उल्लेख त्यात नाही. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून पुस्तकांना अनुदान येतं, पेटी येते. पुढचं सगळं वर्गशिक्षकावर.

त्यामुळे शहरातल्या ग्रंथपालांनी काही शिकण्याचं जमवलं तर आम्हा शिक्षकांनाही बोलवा. वऱ्हांड्यात दोरी बांधून पुस्तकं टांगलीत आम्ही. पोरं येता-जाता काढून वाचतात. त्यापुढं काय करायचं ते शिकायचंय.

उद्यमनगर_फॅब्रिकेटर

फर्निचरवाल्यांना सगळेच हाणायला लागलेत म्हणून बोलतो. 😀 कोटेशन बघायला पाठवा ताई. शाळेसाठी रॅक करताना चार गोष्टी बघा. उंची पाचवीच्या पोराच्या हाताला येईल एवढी. खाली चाकं, पण ब्रेकवाली. पत्र्याच्या कडा वळवलेल्या, नाहीतर बोटं कापतात. आणि पुस्तकाचं तोंड समोर दिसेल असे तिरके कप्पे थोडे तरी ठेवा.

शाळा पूररेषेजवळ असेल तर सगळ्यात खालचा कप्पा ठेवूच नका. २०१९ ला आणि परत २०२१ ला कुठल्या कुठल्या संस्थांची पुस्तकं भिजलेली बघितलीत. लगदा झाला की काही हाताला लागत नाही. चाकाचे रॅक असले तर निदान वरच्या मजल्याच्या जिन्यापर्यंत तरी ढकलता येतात.

गंगावेस_कट्टा

@उद्यमनगर_फॅब्रिकेटर, भावा नाद खुळा माहिती. पूररेषेचं कोटेशनवाल्याच्या डोक्यात पण आलं नसणार.

ओंटारिओत_कोल्हापुरी

मी मूळची शिवाजी पेठेतली, आता कॅनडात ओंटारिओ प्रांतात शाळेत शिकवते. निळी_शाईताईंच्या देणगीदारांनी जे बघितलं असेल त्याची मागची बाजू सांगते.

इथे शाळेचं ग्रंथालय बघतो तो टीचर-लायब्ररियन. तो आधी शिक्षक असतो. शिक्षकाची पात्रता घेतल्यावर टीचर-लायब्ररियनशिपची जादा पात्रता मिळवतो, पहिला भाग, दुसरा भाग आणि मग स्पेशालिस्ट असे टप्पे आहेत. म्हणजे तास कसा आखायचा हे त्याला आधीपासून येत असतं, ग्रंथालयशास्त्र तो नंतर शिकतो. आपल्याकडे बरोबर उलट. ग्रंथालयशास्त्र येतं आणि तासाचं शिक्षण राहून जातं. तुमच्या यादीतलं नेमकं भोक तेच आहे.

लर्निंग कॉमन्सची कल्पना शाळांसाठी नीट मांडली ती डेव्हिड लोर्चर, कॅरल केक्लिन आणि सँडी झ्वान यांनी, २००८ च्या सुमाराला. मग २०१४ मध्ये कॅनडाच्या ग्रंथालय संघटनेनं शालेय लर्निंग कॉमन्ससाठी 'लीडिंग लर्निंग' नावाची मानकं काढली. ती नेटवर फुकट वाचायला मिळतात. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी की ती शाळेला पास-नापास ठरवत नाहीत. टप्पे दिलेत. नुकतं चाचपडणारी शाळा कशी दिसते, उगवती कशी, रुळलेली कशी. आपण कुठे आहोत ते शिक्षक, मुख्याध्यापक आणि ग्रंथपाल एकत्र बसून ठरवतात, आणि पुढच्या टप्प्यासाठी एकच काम उचलतात. हे एकत्र बसणं हाच शिकण्याचा मोठा भाग. आणि पाच मानकांत जागेच्या रचनेचं मानक एकच आहे. बाकी सहकार्य, शाळेची उद्दिष्टं, अध्यापनाची आखणी आणि साक्षरता यांबद्दल.

इथे सगळं छान आहे असं मात्र समजू नका. सगळ्या शाळांना पूर्णवेळ टीचर-लायब्ररियन नसतो, पैशाला कात्री लागली की ग्रंथालयाचा नंबर लवकर लागतो. अर्धवेळ यांचं दुःख इथल्या कितीतरी जणींना कळेल.

लिब_सायन्सवाला

थोडा विरोध नोंदवतो. बी.लिब.ला नावं ठेवणं सोपं आहे. शिवाजी विद्यापीठात असो, मुक्त विद्यापीठातून असो, तो अभ्यासक्रम सगळ्या प्रकारच्या ग्रंथालयांसाठी आहे, फक्त शाळेसाठी नाही. आणि वर्गीकरणाला कमी लेखू नका. हल्ली 'मुलांना आवडतील अशा विषयांनुसार रंगीत पट्ट्या लावा' अशी टूम निघालीय. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक मिळतो, मराठी शाळेत निम्मं ग्रंथालय एकाच आकड्यात जाऊन बसतं हे कबूल. पण मूळ क्रमांक काढून टाकलात तर पुढच्या ग्रंथपालाला काही सापडणार नाही.

निळी_शाई

@लिब_सायन्सवाला, क्रमांक काढणार नाहीच. कण्यावर क्रमांक राहील, मांडणी मुलांच्या सोयीची. रहस्यकथा कुठे आहेत हे सहावीतल्या मुलीला विचारावं लागू नये एवढंच.

@ओंटारिओत_कोल्हापुरी, टप्प्यांची कल्पना मुख्याध्यापकांपुढे नक्की ठेवते. इथे अजून कुणी विषयशिक्षक आहेत का? ग्रंथपालाबरोबर तास घेतलाय का कुणी?

भूगोल_वाली

घेतलाय, आणि सांगायला आवडेल. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी स्वतःहून स्टाफरूममध्ये येऊन विचारलं होतं, "पुढचा घटक कोणता आहे?" तिथून सुरुवात झाली.

आठवीला विषय घेतला पुराचा. मी नेहमीसारखी 'पुराची कारणे लिहा' म्हणणार होते. मॅडम म्हणाल्या, त्याचं उत्तर पुस्तकात आहे, मुलं उतरून काढतील. मग दोघींनी बसून प्रश्न बदलला: राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले म्हणजे आपल्याकडे पूर येतोच का?

बघा काय झालं. मुलांना आधी कळलं की पंचगंगेत फक्त राधानगरीकडून येणारी भोगावती नाही. कासारी, कुंभी, तुळशीचं पाणी पण येतं. मॅडमनी नकाशे काढून ठेवले होते, जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं, जिल्हा प्रशासन पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी देतं त्याच्या छापील प्रती. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट हे आकडे आमच्या मुलांना पाढ्यासारखे पाठ असतात. पण २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा कोणत्या दिवशी कुठे किती पाऊस होता, हे त्यांनी पहिल्यांदा शेजारी शेजारी मांडून बघितलं. एका गटानं दुधाळी भागातल्या आजी-आजोबांना विचारलं. एका गटानं त्या दिवसांत फिरलेले धरण फुटल्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज गोळा केले आणि ते खोटे कसे ठरवायचे त्याच्या पायऱ्या स्वतः लिहिल्या.

मधे कर्नाटकातलं अलमट्टी धरण आलं. एका लेखात पुराचं खापर अलमट्टीच्या पाणीसाठ्यावर, दुसऱ्यात ते मान्यच नाही. मुलं वैतागली. "बाई, खरं कुठलं ते सांगा की." मला उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटत होतं. मॅडमनी थांबवलं. त्यांनी ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॅरल कुलथाऊ यांचं काम वाचलं होतं. माहिती शोधताना माणूस सुरुवातीला साशंक असतो, विषय ठरला की उत्साहात येतो, मग मधल्या टप्प्यात गोंधळतो, शंका घेतो, आणि स्वतःचा मुद्दा सापडला की सावरतो. तो गोंधळ शोधाचाच भाग आहे. शिक्षकानं त्या वेळी उत्तर देऊ नये, पुढचा प्रश्न द्यावा. मुलांनी मग दोन्ही बाजूंचा तक्ता केला आणि 'हे ठरवायला अजून कोणती माहिती लागेल' याची यादी केली. त्या यादीसारखं लिखाण मी इतक्या वर्षांत आठवीकडून वाचलं नव्हतं.

@सातवीची_आई, हा माझाच भूगोलाचा घटक होता, जादा तास नव्हे. वर्गात जेवढे तास लागले असते त्यापेक्षा थोडे जास्त लागले, पण उजळणीला फारच कमी.

आणि शिकलं कोण म्हणाल तर आम्ही दोघी. एकमेकींचं काम बघत.

सातवीची_आई

हे वाचून मला माझ्या शंकेचं उत्तर मिळालं. आमच्या पालकसभेत मी हा विषय काढणार. गणिताला दिलेला तो एक तास तरी परत मागते.

अर्धवेळ

@भूगोल_वाली, तुमच्या मॅडमना हे शिकायला कुठे मिळालं ते विचाराल का?

भूगोल_वाली

विचारलं लगेच. टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' या बालसाहित्य उपक्रमाचा लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स केलाय त्यांनी. सात महिन्यांचा, थोडे दिवस प्रत्यक्ष भेटून आणि बाकी नोकरी सांभाळून घरून. वाचायला, लिहायला भरपूर, आणि आपल्याच ग्रंथालयात करून बघायचं काम असतं. हिंदी आणि इंग्रजीत चालत आलाय. शिवाय गोव्यातल्या 'बुकवर्म' या ग्रंथालय-संस्थेचं काम त्या आवर्जून बघून आल्या. मुलांबरोबर पुस्तक मोठ्यानं वाचायचं कसं, त्यावर बोलायचं कसं, हे तिथे डोळ्यांनी बघितलं म्हणाल्या.

मास्तर_राधानगरी

वऱ्हांड्यातल्या दोरीवर आता काय टांगायचं ते पण सांगतो सगळ्यांना. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर मराठी गोष्टी मोफत उतरवून छापता येतात, खुल्या परवान्यात आहेत. आमची पोरं त्यावरून स्वतःची पुस्तकं शिवतात.

पण कोर्स सात महिन्यांचा, एका शाळेतून एकजण जाणार. बाकीच्यांचं काय?

कार्ड_कॅटलॉग

मास्तर, मुद्द्यावर बोट ठेवलंत. पुस्तक वाचून कुस्ती कुणी शिकत नाही, वस्तादासमोर मातीत उतरावं लागतं. म्हणून माझा आग्रह असा: निळी_शाईंच्या शाळेनं एकीला कोर्सला पाठवावं, आणि त्याच वेळी जिल्ह्यातल्या ग्रंथपालांचा एक अभ्यासगट सुरू करावा. दर वेळी वेगळ्या शाळेत. त्या शाळेचा ग्रंथपाल आणि एक विषयशिक्षक खरोखरीच्या वर्गावर तास घेतील. बाकीचे मागे बसून बघतील आणि नंतर बोलतील. भाषण नाही, हार-तुरे नाहीत.

आपल्या गावात हे व्हायला हवंच. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलांपर्यंत ज्ञान पोचवायला या गावानं कधी कुणाची वाट बघितलेली नाही.

लिब_सायन्सवाला

मी येतो. निर्लेखनाच्या प्रस्तावाचा नमुना, आणि 'कोहा' किंवा 'ई-ग्रंथालय' शाळेला कितपत झेपेल याचा आढावा, एवढं मी तयार करून आणतो. सॉफ्टवेअरला सगळ्यात शेवटचा अर्धा तास द्या, अर्धवेळ ताई रागावणार नाहीत. 🙂

अर्धवेळ

अर्धा तास मंजूर! 😄 मुख्याध्यापकांकडून मला कर्तव्यरजा मिळेल असं पत्र मात्र कुणीतरी द्या.

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. विचारलं होतं एक, मिळालं कितीतरी जास्त.

मुख्याध्यापकांना आज यादी दिली. एक, माझा लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स. शुल्क आणि प्रवास देणगीतून. दोन, विज्ञान आणि भूगोलाच्या शिक्षकांबरोबर प्रत्येक सत्रात एकेक घटक जोडीनं आखायचा, त्यासाठी आमच्या दोघांच्या वेळापत्रकात एक सामायिक मोकळा तास. तीन, हरवलेल्या पुस्तकांबद्दल शाळा समितीचा ठराव. चार, दिवाळीच्या सुट्टीनंतर अभ्यासगटाची पहिली बैठक आमच्याकडे. पाच, फर्निचर पुढच्या वर्षी. तोपर्यंत दोन चाकाचे रॅक घेऊन मुलं जागा कशी वापरतात ते बघायचं.

पहिल्या चारला त्यांनी होकार दिला. पाचव्यावर देणगीदारांशी बोलणार आहेत. त्यांना यंदाच काहीतरी डोळ्यांना दिसायला हवंय, आणि तेही मला समजतं. पैसे त्यांचे आहेत, प्रेमानं देतायत. त्यांनाच अभ्यासगटाच्या पहिल्या तासाला बोलवलंय. कर्तव्यरजेसाठी विनंतीपत्र आमच्या शाळेच्या लेटरहेडवर प्रत्येकाच्या मुख्याध्यापकांच्या नावे काढून देऊ.

तास घेणार मी आणि आमचे विज्ञानाचे सर. वर्ग सातवीचा. प्रश्न अजून ठरायचाय, पाण्याच्या शुद्धीकरणावर काहीतरी. कोण कोण येणार ते इथे लिहा, बसायच्या चटया मोजायच्यात.

उद्यमनगर_फॅब्रिकेटर

पहिला रॅक माझ्याकडून, फुकट. माप घ्यायला माणूस पाठवतो, पाचवीतल्या एका पोराला शेजारी उभं करा.

पुस्तक_पेटी

पहिल्यांदाच लिहितेय. गडहिंग्लजहून आम्ही दोघी ग्रंथपाल येतो. आमच्या मराठीच्या सरांना पण यायचंय, चालेल का?

निळी_शाई

चालेल काय, आणाच. शक्य झालं तर सगळ्यांनी एकेक विषयशिक्षक बरोबर आणा. तुमच्या तीन चटया धरल्या.